जुनी गाडी कधी सेल्फ घेते कधी नाही? पार्ट बदलायच्या आधी एवढं करा

सकाळी एका झटक्यात स्टार्ट, दुपारी सीएनजी भरून चावी फिरवली की नुसतं टक्, मागे रिक्षावाल्यांची रांग आणि हॉर्न, आणि पाच-दहा मिनिटांनी काहीही न करता परत स्टार्ट. गॅरेजला नेली की तिथे प्रत्येक वेळी व्यवस्थित चालू होते, मेकॅनिक म्हणतो काही नाही हो, घेऊन जा. मग कोणीतरी सांगतं बॅटरी बदला, ती बदलली जाते, मग सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) बदलला जातो, मग इग्निशन स्विच, आणि हजारो रुपये घालवून गाडी परत एक दिवस नेमकी सायनच्या सिग्नलला बंद.

१५ वर्षं झालेली, आरटीओत जाऊन रजिस्ट्रेशन पुढे पाच वर्षं वाढवून घेतलेली गाडी वापरणाऱ्या ज्यांना वायरिंगमधलं काहीच कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कधीतरीच येणारा बिघाड पार्ट बदलून सापडत नाही. नवीन बॅटरी टाकली आणि गाडी आठवडाभर नीट चालली, तर ती बॅटरीमुळे चालली की बॅटरी बदलताना टर्मिनल काढून परत घट्ट बसवलं म्हणून चालली, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. बिघाड हजर असताना मोजलं तरच तो सापडतो. त्यामुळे सगळी तयारी आधी करून ठेवायची आणि गाडी अडली की धक्का मारायच्या आधी दोन मिनिटं बघून घ्यायचं.

आधी करंट कुठून कुठे जातो ते समजून घ्या

दोन रस्ते आहेत. मोठा रस्ता म्हणजे बॅटरीच्या प्लसपासून जाड केबल सेल्फपर्यंत, सेल्फच्या बॉडीतून इंजिनच्या ब्लॉकमध्ये, तिथून अर्थच्या जाड पट्टीने परत बॅटरीच्या मायनसला. छोट्या पेट्रोल गाडीतसुद्धा सेल्फ फिरताना इथून शंभर-दीडशे अँपिअर जातात, डिझेलमध्ये त्याहून बरेच जास्त. छोटा रस्ता म्हणजे बॅटरीकडून फ्यूजमधून इग्निशन स्विचला, तिथून काही गाड्यांत रिलेमधून (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच), ऑटोमॅटिक असेल तर गिअरच्या न्यूट्रल स्विचमधून, काही गाड्यांत क्लचच्या स्विचमधून, आणि शेवटी एका बारीक वायरने सेल्फवरच्या सोलेनॉइडला. ही बारीक वायर सोलेनॉइडला सांगते की उचल. मग सोलेनॉइड दोन कामं करतो, पिनियन (सेल्फचं छोटं दातेरी चाक) पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनच्या मोठ्या चाकाच्या, दात्यांत अडकवतो आणि मोठ्या रस्त्याचे दोन जाड कॉन्टॅक्ट जोडतो.

मोठ्या रस्त्याबद्दल अजून एक सांगतो, कारण नवीन माणूस नेमका इथेच फसतो. दीडशे अँपिअर जात असताना वाटेत कुठे फक्त ०.०१ ओहम रेझिस्टन्स असला तरी तिथेच दीड व्होल्ट खाल्ला जातो. आणि ०.०१ ओहम साध्या मीटरला दिसतच नाही. केबलच्या शंभर तारांपैकी चारच तारा शाबूत असल्या तरी जोड तपासायच्या सेटिंगवर मीटर बीप देणारच, आणि तुम्ही म्हणणार केबल चांगली आहे. म्हणून जाड केबल आणि अर्थ कधीही बीपवर तपासू नका, सेल्फ फिरत असताना व्होल्टेज किती पडतं तेच मोजायचं. कसं ते खाली आहेच.

कान लावा

गाडी अडली की आवाज नीट ऐका आणि लगेच फोनमध्ये लिहून ठेवा, घरी जाऊन आठवत नाही.

टर्रर्र असा भराभर टकटक आवाज आला तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल सैल आहे. सोलेनॉइड उचलतो, करंट ओढला जातो, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज परत वर येतं, परत उचलतो, असं चक्र चालू राहतं म्हणून तो आवाज.

एकच दणदणीत टक् आणि पुढे शांतता, म्हणजे बारीक वायरने काम केलंय, अडचण मोठ्या रस्त्यात किंवा सेल्फच्या आत आहे, सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळालेले, कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) झिजलेले, किंवा जाड केबल आणि अर्थ.

काहीच आवाज नाही, तर संशय छोट्या रस्त्यावर. पण इथे घाई नको, कारण बऱ्याच सेल्फमध्ये सोलेनॉइडची ओढणारी कॉइल आपला अर्थ मोटरच्या कार्बनमधूनच घेते, त्यामुळे कार्बन पार झिजले असतील तरी कधीकधी टक्सुद्धा येत नाही. बरेच वायरमन इथे इग्निशन स्विच बदलून मोकळे होतात.

मोटर घुंईं फिरते पण इंजिन हलत नाही, तर पिनियन घसरतंय, बेंडिक्सचं, म्हणजे पिनियन ज्यावर बसतं त्या भागाचं, काम आहे. आणि इंजिन नीट फिरतंय पण चालू होत नाही, तर तो वेगळाच प्रश्न आहे, त्याच्याकडे शेवटी येतो.

आवाज ऐकताना हेडलाइट पण लावा. भिंतीकडे तोंड असेल तर उजेड बसल्या जागी दिसतो. चावी फिरवल्यावर लाइट एकदम विझली तर बॅटरी किंवा टर्मिनल. थोडी मंद झाली आणि इंजिन आळसावून फिरलं तर बॅटरी, अर्थ किंवा सेल्फ. लाइट जशीच्या तशी लख्ख, म्हणजे सेल्फपर्यंत करंट निघालाच नाही, किंवा आत कार्बन टेकत नाहीत.

याच्यासोबत नोंद करा की इंजिन गरम होतं का थंड, पाऊस होता का, गाडी धुतली होती का, किती दिवस उभी होती. चार-पाच वेळा असं लिहिलं की त्यातून काहीतरी दिसायला लागतं. फक्त गरम असताना अडते, फक्त पावसात अडते, फक्त सोमवारी सकाळी अडते (म्हणजे शनिवार-रविवार उभी राहून बॅटरी उतरतेय), या तिघांचं कारण वेगवेगळं असतं.

सामान

एक साधा डिजिटल मल्टीमीटर, लॅमिंग्टन रोडला काही शे रुपयांत मिळतो, महागडा नको. १२ व्होल्टचा ५ वॉटचा छोटा पार्किंग बल्ब होल्डरसकट, तीन-चार मीटर वायर, एक इनलाइन फ्यूज होल्डर. दहा नंबरचा पाना, पॉलिश पेपर, जुना टूथब्रश. आणि चावी फिरवायला घरातलं कोणीतरी.

हात घालायच्या आधी हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला, ऑटोमॅटिक असेल तर पार्कला. अंगठी, घड्याळ, गळ्यातली चेन काढून ठेवा, प्लसवरचा पाना बॉडीला टेकला तर तो लालभडक होतो. बॅटरी सोडवताना मायनस आधी काढायचा, जोडताना मायनस शेवटी. बॅटरीजवळ सिगारेट-काडेपेटी अजिबात नको, तिच्यातून हायड्रोजन निघतो.

साफ करायच्या आधी मोजा

बोनेट उघडल्यावर टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड दिसते आणि हात शिवशिवतात. थांबा. आधी साफ केलं तर पुरावा गेला. आधी मोजून आकडे लिहा, मग काय ते साफ करा.

सकाळी पहिल्यांदा, रात्रभर उभी असताना, मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून बॅटरी मोजा. १२.६ च्या आसपास म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मग गाडी चालू करून मोजा, १३.८ ते १४.५ यायला हवं. तेवढं येत नसेल तर डायनामो चार्जच करत नाहीये आणि पुढचं सगळं मोजण्यात अर्थ नाही, आधी ते बघा.

आता खरी टेस्ट. इंजिन फिरलं पाहिजे पण चालू व्हायला नको, म्हणून इंजेक्शनच्या गाडीत (सीएनजी असेल तर ती पेट्रोलवर ठेवून) टाकीतल्या पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून ठेवा, फ्यूज बॉक्सच्या झाकणावर बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. एका वेळी पाच-सात सेकंदच सेल्फ मारायचा आणि मध्ये अर्धा-एक मिनिट थांबायचं, नाहीतर सेल्फ तापतो.

पहिलं माप बॅटरीच्या दोन पोस्टवर. पोस्ट म्हणजे शिशाचा मधला खुंट, त्याच्यावरचा चिमटा नाही. सेल्फ फिरताना ९.६ च्या खाली जायला नको, चांगली बॅटरी दहाच्या वर राहते. मीटरची काळी पिन मायनसच्या पोस्टवरच ठेवा आणि लाल पिन इंजिनच्या उघड्या, स्वच्छ धातूवर टेकवा, रंगावर नाही. परत सेल्फ. ०.२ किंवा कमी आलं तर अर्थ चांगला. ०.५, ०.८ असं काही आलं तर चोर सापडला. मग लाल पिन प्लसच्या पोस्टवर आणि काळी सेल्फवर जाड केबल येते त्या बोल्टवर, सेल्फ मारताना ०.५ च्या आत पाहिजे. आकडा जास्त आला तर पिन एकेक पायरी जवळ आणत जा, पोस्टपासून चिमट्यापर्यंत किती, चिमट्यापासून केबलच्या टोकापर्यंत किती, ज्या दोन जागांमध्ये व्होल्टेज पडतंय तिथेच बिघाड. पोस्ट आणि त्याच्यावरचा चिमटा यांच्यात जवळजवळ शून्य यायला हवं, जुन्या गाड्यांत तिथेच एक-एक व्होल्ट पडलेला असतो आणि बाहेरून सगळं चकाचक दिसतं.

आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांची जुनी हॅचबॅक अशीच होती, बॅटरी नवीन, सेल्फ रिबिल्ड, तरी अधूनमधून टक्. अर्थवर ०.९ व्होल्ट आले. गिअरबॉक्सवरची अर्थची विणलेली पट्टी वरून बघितली तर शाबूत, पण बोल्ट काढून उलटी केली तर लगखालच्या, म्हणजे टोकाच्या रिंगखालच्या, तारा हिरव्या पडून भुगा झालेल्या, दोन बोटांनी ओढली तर सुटून हातात आली. काका म्हणाले, "अरे, याच्यासाठी मी सेल्फ बदलला?" नवीन पट्टी टाकली, टेकायची जागा पॉलिश पेपरने पांढरी केली, नंतर माप ०.१.

मुंबईत हे जास्त होतं, त्याला कारण आहे. समुद्राची खारट दमट हवा वर्षभर, चार महिने पाऊस, आणि हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यातून एकदा जरी गाडी काढली तरी खालच्या सगळ्या लगमध्ये आणि कपलरमध्ये (वायरी जोडायचे प्लॅस्टिकचे सॉकेट) पाणी जातं. तांबं आतून खात जातं, वरचं रबर तसंच राहतं.

आकडे लिहून झाले की मग साफ करा. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून टूथब्रशने पूड काढा, पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका, सुकवा, पोस्ट आणि चिमट्याची आतली बाजू पॉलिश पेपरने घासा, आवळा, हाताने पिळून बघा, जराही हलायला नको. आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन. आणि परत मोजा.

बल्ब लावून ठेवायची युक्ती

वरचं सगळं ठीक आलं आणि तरी गाडी अधूनमधून अडते, तर हे करा. मला विचाराल तर कधीतरी येणाऱ्या बिघाडाला याच्याइतकं स्वस्त आणि खात्रीचं काहीच नाही.

सेल्फवरच्या सोलेनॉइडच्या बारीक वायरच्या टर्मिनलवरून एक जादा वायर घ्या, टर्मिनलजवळच दोन अँपिअरचा फ्यूज टाका, सायलेन्सरच्या पाइपपासून आणि बेल्टपासून लांब ठेवत वायर केबिनमध्ये आणा आणि ५ वॉटचा बल्ब जोडा, बल्बचं दुसरं टोक बॉडीच्या चांगल्या अर्थला. बल्ब डॅशबोर्डवर समोर दिसेल असा चिकटवून ठेवा. आता प्रत्येक वेळी सेल्फ मारताना बल्ब पेटणार. ज्या दिवशी गाडी अडेल त्या दिवशी फक्त बल्बकडे बघायचं.

बल्ब लख्ख पेटला आणि सेल्फ हलला नाही, तर छोटा रस्ता निर्दोष, बिघाड सेल्फमध्ये किंवा जाड केबलमध्ये. बल्ब पेटलाच नाही, तर सेल्फला हात लावू नका, स्विच, रिले, न्यूट्रल स्विच, मधले कपलर बघा. आणि बल्ब लालसर मंद पेटला पण हेडलाइट लख्ख आहे, तर इग्निशन स्विचचे कॉन्टॅक्ट किंवा एखादा कपलर जळत चाललाय. अर्धी गाडी एका नजरेत संशयातून बाहेर. एलईडी लावू नका, तो एवढासा करंट मिळाला तरी पेटतो आणि फसवतो.

छोट्या रस्त्यावर बिघाड निघाला तर

आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत कंपनीच्या वायरिंगपेक्षा नंतर जोडलेल्या गोष्टीच जास्त त्रास देतात. बाहेरून बसवलेलं सीएनजी किट, अलार्म, सेंट्रल लॉक, म्युझिक सिस्टिम. अलार्मवाले बऱ्याचदा सेल्फची बारीक वायर कापून मध्ये स्वतःचा रिले घालतात, आणि सीएनजी किटच्या वायरी इग्निशनच्या वायरला पिळून वर काळी टेप गुंडाळलेली असते. दहा वर्षांनी त्या टेपचा चिकट गोळा होतो आणि आतला जोड काळा पडलेला असतो. स्टिअरिंगखालचं कव्हर काढा आणि टेप दिसेल तिथे संशय घ्या. कोणाला तरी पाच-सात सेकंदच चावी सेल्फवर धरायला सांगा आणि एकेक जोड, एकेक कपलर हाताने हलवत बल्ब बघा. हलवल्यावर बल्ब मिचकला की जागा मिळाली. जोड डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, वर श्रिंक ट्यूब घालायची. परत टेप नको.

उंदीर-घुशींचं वेगळं सांगायला नकोच. गल्लीत, नाल्याजवळ गाडी उभी करत असाल तर बोनेटखाली टॉर्च मारून लेंड्या आणि कुरतडलेल्या वायरी बघा.

ऑटोमॅटिक गाडी असेल तर पार्कमध्ये अडल्यावर न्यूट्रलला टाकून बघा, तिथे घेतला सेल्फ तर न्यूट्रल स्विच. क्लच दाबून सेल्फ घेणाऱ्या गाडीत पेडलमागचा छोटा स्विच.

फक्त गरम असताना अडत असेल तर

सेल्फ सायलेन्सरच्या पाइपजवळ असतो, घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये तासभर उभं राहून गाडी बंद केली की तो भाजून निघतो. गरम कॉइलचा रेझिस्टन्स वाढतो, तिला पुरेसा करंट मिळत नाही, त्यात जुना स्विच एक-दोन व्होल्ट खातो, आणि सोलेनॉइड उचलत नाही. वीस मिनिटांनी थंड झाला की उचलतो. मीटरने बारीक वायरवर सेल्फ मारताना किती व्होल्ट येतात ते बघा, त्याच वेळी बॅटरीवर किती आहेत तेही बघा, दोघांत एक व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर वाटेत रिले टाकून घेतलेला बरा. साधा चार पिनचा ३० अँपिअरचा रिले, जुनी बारीक वायर ८६ ला, ८५ अर्थला, ३० नंबरला बॅटरीकडून फ्यूज टाकून जाड वायर, ८७ वरून सोलेनॉइडला. स्विचवरचा भार जातो आणि सोलेनॉइडला बॅटरीइतकं व्होल्टेज मिळतं. हे काम जमत नसेल तर वायरमनकडून करून घ्या, अर्ध्या तासाचं आहे.

बल्ब लख्ख, केबल चांगल्या, आणि सेल्फच्या बॉडीवर पान्याच्या दांड्याने हलकेच टकटक केल्यावर घेतो, तर कार्बन संपलेत. टकटक हलकीच हवी, हातोडा मारू नका, बऱ्याच सेल्फमध्ये आत मॅग्नेट असतात ते फुटतात. आणि ही फक्त घरी पोचायची सोय आहे. सेल्फ उतरवून कार्बन, बुश आणि सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट बदलून घ्या, आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) चांगलं असेल तर पूर्ण नवीन सेल्फ घ्यायची गरज नसते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना सेल्फ मिळतो, पण दुसऱ्या गाडीतून काढलेल्या सेल्फचे कार्बन किती उरलेत ते उघडल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही, त्यापेक्षा आपलाच रिपेअर करा.

काही जण स्क्रू ड्रायव्हरने सेल्फचे दोन टर्मिनल जोडून गाडी चालू करतात. नवीन माणसाने हे करू नये. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती समोर उभ्या माणसाच्या अंगावर जाते.

इंजिन फिरतंय पण चालू होत नाही

चावी ऑन केल्यावर मागून पंपाचा दोन सेकंद बारीक आवाज येतो का ऐका. येत नसेल तर पंपाचा रिले, फ्यूज, पंप. डॅशवर चावीचं चिन्ह भराभर मिचकत असेल तर इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) चावी ओळखत नाहीये, दुसऱ्या चावीने बघा. गरम झाल्यावरच असं होत असेल आणि थंड झाल्यावर जात असेल तर क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगणारा सेन्सर) पहिला संशय, आणि सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जराही हलत नसेल तर संशय अजून पक्का, पण काही गाड्यांत तो काटा तसाही हलत नाही, म्हणून स्कॅनर लावून खात्री करा.

वायरमनकडे जाताना

"दादा, गाडी चालू होत नाही, बघा जरा" असं म्हणू नका. "दादा, गरम असताना एकच टक् येतो, बॅटरी १२.५ आहे, सेल्फ मारताना अर्थवर ०.१ आणि प्लसच्या केबलवर ०.२, बारीक वायरचा बल्ब लख्ख पेटतो," असं सांगा. चांगला वायरमन हे ऐकून थेट सेल्फ उतरवायला घेतो. जो ऐकून न ऐकल्यासारखं करून बॅटरी बदला म्हणतो, त्याच्याकडून गाडी परत घेऊन या.

काम झाल्यावर सगळी मापं तिथेच परत घ्या आणि जुन्या आकड्यांशेजारी लिहा. आकडा बदलला नसेल तर बिघाड अजून गाडीतच आहे, त्या दिवशी स्टार्ट झाली तरी. डॅशवरचा बल्ब लगेच काढू नका, एक पावसाळा आणि एक मे महिना राहू दे, त्यात एकदाही अडली नाही की मग काढा.